फायनल फँटसी १०: बलस्थाने वापरून आणि उणिवा ओळखून कसा खेळावा

जपानच्या स्क्वेअर या कंपनीने जुलै २००१ मध्ये प्लेस्टेशन २ साठी काढलेला ‘फायनल फँटसी १०’ हा गेम आज पीसी, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि निन्टेन्डो स्विच यांवरही मिळतो. पाळीपाळीने लढण्याच्या, म्हणजे टर्न-बेस्ड रोल-प्लेइंग प्रकारातील गेमची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्यांना मी आजही प्रथम याचेच नाव सुचवतो. तो निर्दोष नाही. त्याचे काही दोष पहिल्या तासातच जाणवतात, तर काही शेवटाकडे येईपर्यंत दडून राहतात. परंतु याची लढाई ज्या नियमांवर उभी आहे ते नियम इतके स्वच्छ आणि प्रामाणिक आहेत की, ते समजून घेऊन खेळणाऱ्याला दोषांचा फारसा त्रास होत नाही. उलट, ते नियम बाजूला सारून केवळ ताकद वाढवत नेणाऱ्याला हाच गेम कंटाळवाणा वाटू लागतो. म्हणून पुढील मार्गदर्शन एकाच हेतूने लिहिले आहे: या गेमचे जे खरे बळ आहे ते शेवटपर्यंत कामी येईल अशा रीतीने तो कसा खेळावा. कथेतील रहस्ये मी येथे उघड करणार नाही. लढतींचे उल्लेख मात्र येतील.

पाळ्यांची यादी वाचायला शिका

या मालिकेच्या १९९१ मधील चौथ्या भागापासून नवव्या भागापर्यंत लढाईत वेळेनुसार भरत जाणारी पट्टी असे. पट्टी भरली की पात्राला चाल करता येई, आणि आपण विचार करत थांबलो की तेवढ्यात शत्रूची पट्टी भरण्याची धास्ती असे. दहाव्या भागात लढाईची रचना ‘फ्रंट मिशन’ या डावपेचांच्या मालिकेचे जनक तोशिरो त्सुचिदा यांच्याकडे होती. त्यांनी ती पट्टी काढून टाकली आणि तिच्या जागी पडद्याच्या उजव्या बाजूस पुढे येणाऱ्या पाळ्यांची यादी ठेवली. आता कोणाची पाळी, नंतर कोणाची आणि शत्रूची केव्हा, हे सारे समोर लिहिलेले असते. आपण कितीही वेळ विचार केला तरी शत्रू हलत नाही. माझ्या मते या गेमची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे, कारण येथे हरण्याचे कारण जवळजवळ नेहमी आधी दिसलेले असते.

या यादीचा दुसरा गुण अनेकांच्या लक्षातच येत नाही. प्रत्येक कृतीचा भार वेगळा असतो. साधा हल्ला केल्यावर पात्राची पुढची पाळी ज्या अंतराने येते, त्यापेक्षा वस्तू वापरल्यावर किंवा केवळ बचाव केल्यावर ती लवकर येते. आपण एखाद्या आज्ञेवर नुसता कर्सर नेला, ती निश्चित केली नाही, तरी यादीतील क्रम बदललेला दिसतो. त्यामुळे सुरुवातीच्या काही तासांत एक सवय मुद्दाम लावून घ्यावी: आज्ञा देण्यापूर्वी दोन-तीन पर्यायांवर कर्सर फिरवून यादी कशी सरकते ते पाहावे. जखमी पात्राला मंत्राने बरे करायचे की औषधाने, हा प्रश्न मग केवळ किती जीवनबिंदू परत मिळतात एवढाच राहत नाही. कमी बिंदू देणारे औषध वापरल्यामुळे शत्रूच्या हल्ल्याआधी आणखी एक पाळी मिळत असेल, तर औषधच श्रेष्ठ ठरते. रिक्कू या पात्राकडील ‘अल भेड पोशन’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. ते लढणाऱ्या सर्वांना प्रत्येकी १,००० जीवनबिंदू देते, विषबाधा, मौन आणि दगड होणे हे तिन्ही दोष दूर करते, आणि त्यासाठी जादूचे बिंदूही खर्च होत नाहीत.

याच कारणाने वेग वाढवणारी किंवा घटवणारी कौशल्ये येथे इतर अनेक गेमपेक्षा अधिक मोलाची आहेत. टीडस या नायकाला ‘हेस्ट’ लवकर मिळते. बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूच्या, लढतीत त्याची पहिली पाळी हेस्टसाठीच राखून ठेवावी. त्याचे ‘डिले अटॅक’ हे कौशल्य नुकसान करण्याबरोबरच शत्रूची पाळी यादीत मागे ढकलते. नवे खेळाडू अधिक नुकसान करणाऱ्या हल्ल्याकडे ओढले जातात आणि ही कौशल्ये पडून राहतात. एखादी लढत जड जात असेल तर ताकद वाढवण्यासाठी मागे फिरण्यापूर्वी पाळ्या वाढवण्याचा विचार करावा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते.

सातही पात्रे खेळवा

एका वेळी तीनच पात्रे लढतात, पण पात्राची पाळी आली की त्याच्या जागी राखीवांपैकी कोणालाही आणता येते, आणि आलेले पात्र त्याच पाळीत कृती करते. बदलीसाठी काहीही मोजावे लागत नाही. शत्रूंची रचनाही या नियमाला धरून केलेली आहे. बेसेड बेटावरील पहिल्याच वाटेवर चपळ कुत्र्यासारखा शत्रू टीडससाठी, उडणारा पक्षी चेंडू फेकणाऱ्या वाकासाठी आणि शस्त्रांना दाद न देणारा पाण्याचा लिबलिबीत गोळा लुलूच्या विजेच्या मंत्रासाठी ठेवलेला दिसतो. पुढे कवचधारी शत्रू आले की ऑरॉनची कवच भेदणारी तलवार लागते. यंत्रे आली की रिक्कूने त्यांच्यातून एखादा भाग चोरताच ती मोडून पडतात. शिकवण्याची ही पद्धत मला फार आवडते, कारण सूचनांची पाने वाचायला न लावता गेम आपले व्याकरण लढतींतूनच समजावतो.

येथे एक नियम नीट लक्षात ठेवावा. लढत संपल्यावर अनुभवाचे गुण, म्हणजे एपी, ज्यांनी त्या लढतीत किमान एक कृती केली त्यांनाच मिळतात; जे राखीव राहिले किंवा शेवटी बेशुद्ध पडलेले होते त्यांना मिळत नाहीत. मात्र हे गुण वाटून दिले जात नाहीत, प्रत्येकाला पूर्ण मिळतात. म्हणजे सात जणांना खेळवल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. शेवटचा दुबळा शत्रू शिल्लक ठेवून उरलेल्या पात्रांना एकेक करून आत आणावे, त्यांना बचावाची आज्ञा द्यावी आणि मग लढत संपवावी.

ही बदली प्रत्येक किरकोळ लढतीत करावी लागते, हा या रचनेचा खरा दोष आहे. लढत जिंकलेली असतानाही केवळ गुणांसाठी चार-पाच पाळ्या घालवाव्या लागतात, आणि चालता चालता अचानक उद्भवणाऱ्या लढतींची संख्या पाहता त्याचा शीण येतो. यावर माझा उपाय असा: प्रत्येक लढतीत सर्वांना आणण्याचा हट्ट सोडावा, एका प्रदेशात चार पात्रांवर भर द्यावा आणि पुढच्या प्रदेशात उरलेल्या तिघांवर. युनाला मात्र कधीही मागे पडू देऊ नये, कारण उपचाराचा भार बराच काळ तिच्यावरच असतो. आणखी एक सावधगिरी: लढणारी तिन्ही पात्रे पडली की राखीव चौघे धडधाकट असले तरी गेम संपतो. म्हणून तिघेही अशक्त असताना निदान एका जागी ताजे पात्र आणावे आणि त्यानंतरच उपचाराकडे वळावे.

स्फिअर ग्रिडवर चालताना

या गेममध्ये पात्रांची पातळी आपोआप वाढत नाही. एपी साठून मिळणाऱ्या प्रत्येक टप्प्याला ‘स्फिअर ग्रिड’ नावाच्या विस्तीर्ण जाळ्यावर एक पाऊल पुढे जाता येते, आणि शत्रूंकडून मिळालेले गोळे खर्च करून आसपासचे बिंदू जागे केले की ताकद, वेग, जीवनबिंदू किंवा नवे कौशल्य मिळते. आज मिळणाऱ्या सुधारित आवृत्तीत सुरुवातीलाच दोन प्रकारचे जाळे विचारले जाते. पहिल्यांदा खेळणाऱ्याने साधे, म्हणजे ‘स्टँडर्ड’ जाळेच निवडावे. ‘एक्स्पर्ट’ जाळ्यात सर्व पात्रे मध्याजवळून निघतात आणि कोणालाही कोणत्याही दिशेने नेता येते, पण पात्रांच्या भूमिका अजून न कळलेल्या माणसाच्या हाती असे स्वातंत्र्य आले की सात जण अर्धवट तयार होतात.

साध्या जाळ्यात किमारी हा एकच अपवाद आहे. त्याचा स्वतःचा मार्ग अतिशय छोटा असल्याने त्याला लवकरच दुसऱ्या कोणाच्या तरी मार्गावर न्यावे लागते, आणि गेम त्याबद्दल काहीही सांगत नाही. त्यामुळे बहुतेकांचा किमारी बाकावर बसून राहतो. त्याला आपल्या सवयीत ज्या भूमिकेची उणीव भासते त्या मार्गावर टाकावे, आणि एकदा टाकल्यावर मार्ग बदलू नये. गॅगाझेट पर्वतावर त्याला एकट्याने लढावे लागते. तेथील प्रतिस्पर्ध्यांची ताकद त्याच्या ताकदीनुसार ठरते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

ग्रिडचा मोठा दोष उशिरा दिसतो. आपापला मार्ग पूर्ण झाल्यावर पात्रे एकमेकांच्या मार्गांत शिरतात आणि हळूहळू सगळी सारखी होत जातात: टीडस मंत्र टाकू लागतो, लुलू तलवारबाजाइतकी जोरात मारते. बेसेडच्या वाटेवर ज्या वेगळेपणामुळे प्रत्येक बदली अर्थपूर्ण वाटली होती, ते वेगळेपणच पुसले जाते. कथा पूर्ण करण्यापुरते खेळायचे असेल तर इथवर पोहोचण्याची गरजच पडत नाही. म्हणून एकाच जागी फेऱ्या मारून एपी गोळा करणे टाळावे, वाटेत येणाऱ्या लढती लढाव्यात, पळून जाऊ नये आणि पुढे जात राहावे. तेवढी वाढ पुरेशी असते.

कठीण लढतींची तयारी

या गेमचे उत्तम बॉस केवळ मोठे जीवनबिंदू घेऊन उभे राहत नाहीत. ते एक नियम मांडतात आणि तो आपण ओळखतो का ते पाहतात. गॅगाझेटवरील मोठ्या लढतीत शत्रू भाल्याच्या वाराने एका पात्राला ‘झॉम्बी’ करतो आणि त्यानंतर त्याच पात्रावर पूर्ण संजीवनीचा मंत्र टाकला जातो. झॉम्बी झालेल्याला उपचार मारक ठरतो, त्यामुळे पात्र जागच्या जागी कोसळते. येथे पाळ्यांची यादी हेच शस्त्र आहे. भाल्याचा वार आणि तो मंत्र यांच्या मध्ये आपली पाळी येते का ते पाहावे, आणि येत असेल तर दुसरे काहीही न करता ‘होली वॉटर’ वापरून दोष घालवावा. यासाठी पर्वत चढण्यापूर्वी होली वॉटरचा भरपूर साठा विकत घ्यावा. याच लढतीत सर्वांना उडवून लावणाऱ्या हल्ल्याची घोषणा आधी होते. त्या वेळी हल्ला थांबवून बचाव करावा, किंवा युनाला आणून एऑन, म्हणजे तिचा अतिमानवी सहायक, बोलवावा आणि तो आघात त्याच्यावर घ्यावा.

त्यानंतर थोड्याच अंतरावर, झानार्कंडमध्ये, हाच नियम उलटा होऊन येतो आणि तो क्षण मला संपूर्ण गेममधील सर्वांत बुद्धिमान वाटतो. तेथील स्त्री शत्रू दुसऱ्या रूपात सर्वांनाच झॉम्बी करते. गॅगाझेटवरचा धडा ताजा असल्याने आपण लगेच सर्वांचा दोष काढू पाहतो. पण तिसऱ्या रूपात ती असा मंत्र टाकते की जिवंत पात्रे तत्काळ मरतात आणि झॉम्बी मात्र वाचतात. म्हणून निदान एक, शक्यतो दोन पात्रे झॉम्बीच ठेवावीत, त्यांच्यावर उपचार करू नयेत आणि उरलेल्यांना पुन्हा उठवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. हाच न्याय शत्रूंनाही लागू होतो. बेव्हेलच्या जलमार्गात भेटणारा मृत ड्रॅगन दोन ‘फिनिक्स डाउन’मध्ये संपतो, कारण मेलेल्याला जिवंत करणारी वस्तू मृतयोनीतील शत्रूला घातक ठरते. नियम दोन्ही बाजूंना सारखे असणे ही या प्रकारच्या गेममध्ये दुर्मीळ गोष्ट आहे.

या दोन्ही लढतींना लागून एक जुना त्रास आहे. गेम जतन (सेव्ह) करण्याचा गोळा आणि लढत यांच्या मध्ये लांबलचक दृश्ये येतात, आणि मूळ आवृत्तीत ती ओलांडण्याची सोय नाही. हरलो की तीच दृश्ये पुन्हा पाहावी लागतात, आणि त्यामुळे वेगळे काही करून पाहण्याची उमेद खचते. म्हणून वाटेत जतनाचा गोळा एखाद्या मोठ्या प्रसंगाच्या तोंडावर ठेवलेला दिसला की तेथे थांबावे, ग्रिडवरची शिल्लक पावले वापरावीत, औषधे मोजावीत, कवचे बदलावीत आणि सर्वांचे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पट्टी भरल्यावर करता येणारे खास वार, शक्यतो भरलेले ठेवावेत. गोळ्याला हात लावताच जीवनबिंदू आणि जादूचे बिंदू पूर्ण भरतात, हेही विसरू नये.

एऑनचा मोह

युना ज्या अतिमानवी सहायकांना बोलावते त्यांना एऑन म्हणतात. एऑन आला की तिन्ही पात्रे बाजूला होतात आणि तो एकटा लढतो. दृश्य म्हणून हे भव्य आहे, कथेत त्याला खोल अर्थ आहे, पण लढाईच्या दृष्टीने मला हा गेमचा सर्वांत दुबळा भाग वाटतो. ओव्हरड्राइव्ह भरून ठेवलेले चार-पाच एऑन एकामागून एक उतरवले की बरेच बॉस काही समजण्याआधीच संपतात. योजिम्बो नावाचा एऑन तर पैसे घेऊन लढतो आणि त्याचा ‘झानमातो’ हा वार कोणत्याही शत्रूला एका फटक्यात मारतो. पाळ्यांचा विचार, बदली, नियम ओळखणे हे सारे अशा वेळी निरर्थक होते. यासाठी स्वतःवर एक मर्यादा घालून घ्यावी: एऑन ढाल म्हणून वापरावा, म्हणजे घोषित झालेला मोठा आघात झेलण्यासाठी, आणि शेवटचा घाव पात्रांनीच घालावा. ज्या ठिकाणी कथाच एऑनची लढत घडवते तेथे अर्थातच ही मर्यादा लागू नाही.

सरळ वाट आणि बाजूची कामे

या गेमला मालिकेतील आधीच्या भागांसारखा मोकळा नकाशा नाही. बराच काळ आपण एका वाटेने पुढेच जात असतो, आणि मागे फिरण्याचे खरे स्वातंत्र्य हवाई जहाज हाती आल्यावर, म्हणजे शेवटाच्या आसपास मिळते. काहींना हा मोठा दोष वाटतो. मला तो तितका खटकत नाही, कारण कथा एका तीर्थयात्रेची आहे आणि मंदिरामागून मंदिर अशी वाट तिला शोभते. तरीही भटकंतीची आवड असणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे. आवाज दिलेला हा मालिकेतील पहिला मुख्य भाग. इंग्रजी आवृत्तीत ओठांच्या हालचालींशी जुळवताना काही वाक्ये, विशेषतः युनाची, घाईने म्हटल्यासारखी वाटतात. नोबुओ उएमात्सु, मासाशी हामाउझु आणि जुनया नाकानो या तिघांचे संगीत मात्र सर्व प्रसंग तोलून धरते.

बाजूच्या कामांत निवड करावी. ब्लिट्झबॉल हा पाण्यातला चेंडूचा खेळ सावकाश आवडू लागतो. लुका शहरातील पहिला सामना हरला तरी कथा अडत नाही, म्हणून त्यासाठी रक्त आटवू नये. सर्वोच्च शस्त्रांसाठी लागणारी काही कामे मात्र मी सुचवणार नाही. लुलूच्या शस्त्रासाठी विजांच्या मैदानात सलग २०० विजा चुकवाव्या लागतात, टीडसच्या शस्त्रासाठी चोकोबो या मोठ्या पक्ष्यावरची शर्यत शून्य सेकंदांत संपवावी लागते. यांत डावपेच नाही, केवळ सहनशक्ती आहे, आणि कथा पूर्ण करण्यासाठी ती शस्त्रे लागतही नाहीत.

ज्यांना सगळे मिळवायचे आहे त्यांनी दोन गोष्टी वेळीच कराव्यात. अल भेड भाषेची २६ पुस्तके जागोजागी विखुरलेली आहेत. त्यांपैकी वाळवंटातील ‘होम’ या वस्तीतील पुस्तके तेव्हाच घ्यावी लागतात, नंतर ती जागा पुन्हा मिळत नाही. तसेच झानार्कंड वगळता प्रत्येक मंदिरातील कोडे सोडवताना ‘डिस्ट्रक्शन स्फिअर’ वापरून तेथील दडवलेली पेटी पहिल्याच भेटीत उघडावी. सुधारित आवृत्तीत नंतर बेसेड आणि मॅकलेनिया येथे परतणाऱ्याची वाट ‘डार्क एऑन’ अडवतात. बेसेडच्या दारातल्या डार्क व्हॅलेफोरचेच जीवनबिंदू ८,००,००० आहेत, आणि ॲनिमा हा एऑन मिळवण्यासाठी सर्व मंदिरांतील त्या पेट्या उघडलेल्या असाव्या लागतात.

कोणती आवृत्ती घ्यावी

पर्याय असेल तर २०१६ मध्ये आलेली पीसी आवृत्ती घ्यावी. तिच्यात गेमचा वेग वाढवण्याची आणि अचानक येणाऱ्या लढती बंद करण्याची सोय आहे, आणि वर सांगितलेल्या शिणावर तो थेट इलाज आहे. जुन्या वाटांवरून परत चालताना लढती बंद ठेवाव्यात, किरकोळ लढतींत वेग वाढवावा, पण नव्या प्रदेशात पाऊल टाकताना दोन्ही सोयी काढून टाकाव्यात. याच आवृत्तीत पात्रांना अमर्याद बळ देणारी आणि आपोआप लढणारी सोयही आहे. गेम एकदा पूर्ण होईपर्यंत त्या दोन्हींना हात लावू नये.